हलक्या कानाचं यंत्र

किंमत म्हणाल तर हिवाळी बुटांच्या एका जोडाहून कमी:
हिरवी पट्टी, नखाएवढी चिप, बोटभर तार
आणि वरून दह्याचा रिकामा डबा, भिजू नये म्हणून.
वुकानने शाळेच्या कार्यशाळेत जोडलं ते,
पहिल्यांदा उलटं.

फॅकल्टीतल्या महागड्या मापकाशेजारी तीन दिवस बसवून
आम्ही त्याचे कान उपटले.
तरी ते हलक्या कानाचंच राहिलं.
कोशावा वारा सुटला, पारा उतरला, की आकडा हलतो.
खालच्या मजल्यावर कुणी मायक्रोवेव्हमध्ये सूप ठेवलं
तरी याला वाटतं, काहीतरी घडलं.

असे चाळीस डबे नोवी सादभर टांगले,
लिमानच्या गॅलऱ्यांत, मासळीबाजाराच्या मागे,
आणि एक डॅन्यूबच्या पुलाखाली,
जो दुसऱ्याच रात्री चोरीला गेला.

एकोणिसावा ल्युबिंकाबाईंकडे.
देतेलिनारा, चौथा मजला,
समोरच्या गच्चीवर तीन पांढरे अँटेना, पाठ भिंतीला टेकून.
"हे आल्यापासून डोळ्याला डोळा नाही," त्या म्हणाल्या,
"अक्रोडाला फळ धरत नाही. मांजर गेलं ते गेलंच."
मी लिहून घेतलं.
अक्रोडासाठी रकाना नव्हता. शेऱ्यात घातला.

त्यांचा फोन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात,
किरणं बाहेर सांडू नयेत म्हणून.
तेव्हा मी बोलले नाही
की कोंडलेला फोन गप्प बसत नाही.
टॉवर नीट ऐकू येईनासा झाला की तोच जास्त ओरडतो,
आंधळ्या कोशिंबिरीत
एकट्याच राहिलेल्या पोरासारखा.

आठवड्याने आलेख काढला.
सकाळ सपाट. संध्याकाळी सातला गल्ली फुगते.
रविवारी जेवणानंतर एक आळसट टेकडी,
शनिवारी मॅच, पेनल्टीच्या मिनिटाला सुळका.
शब्द एकही नाही.
कोण कुणाशी भांडलं, कुणी कुणाला माफ केलं,
यातलं काही नाही,
तक्त्यावर नुसता ताप.
सगळं मिळून शून्य पूर्णांक काहीतरी,
मर्यादेच्या पहिल्या पायरीलाही न शिवणारं.

आणि रोज रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी
एक टाचणी.
जवळची. फार जवळची.
अकरा सेकंद, मग पुन्हा सपाट.

"बिघडलंय," वुकान म्हणाला.
बिघडलं नव्हतं. चुगली करत होतं.
फ्रिजवर राडिवोयचा फोटो मी पाहिला होता,
मागे कॅल्गरीचा बर्फ, हातात पिवळं हेल्मेट.
तिकडे तेव्हा संध्याकाळचे सात वाजून गेलेले असतात,
पाळी सुटते.
झाकण उघडायचं, बघायचं, लावायचं.
अकरा सेकंदांत बोलणं होत नाही.

नियमावली सांगते,
घरातल्या फोनच्या नोंदींकडे कानाडोळा करावा.
मी केला. सात रात्री, सात टाचण्या पुसल्या.
सरासरी जागची हलली नाही.

शनिवारी कागद घेऊन गेले.
"किती?"
"कमी."
"कमी म्हणजे? काहीच नाही, इतकं?"
"याला 'काहीच नाही' म्हणता येत नाही," मी म्हटलं.
"हे एवढंच म्हणतं, माझ्या कानापर्यंत आलं नाही."

त्या लाल मिरच्यांची देठं काढत राहिल्या.
मग, सुरी न थांबवता:
"राहू दे अजून आठवडाभर. त्याचा तो दिवा
रात्री लुकलुकतो, तेवढीच सोबत."

मी बॅटरी बदलली.
जाता जाता डब्याचं सांगितलं: उघड्यावर ठेवा फोन,
कपाटावर, खिडकीकडे. कमी ओरडेल.
"यंत्राने सांगितलं?"
"नाही, हे मी सांगतेय."

पुढच्या आठवड्याचा आलेख आला.
टाचणी निम्म्याहून बुटकी झाली होती.
वेळ तीच.
तीन दहा.